गुन्ह्यांचा दर जास्त दिसतो म्हणून तो भाग राहायला असुरक्षित समजायचा का?

नाही, नुसत्या दरावरून तसं ठरवू नका. तो दर कशाने भागून काढलाय ते आधी पाहा. सहसा नोंदलेले गुन्हे त्या भागातल्या रहिवाशांच्या संख्येने भागून दर १ लाख लोकांमागे आकडा देतात. स्टेशन किंवा मोठा बाजार असेल तर दिवसभर बाहेरची हजारो माणसं येतात. त्यांचे खिसे कापले गेले की गुन्हा मोजला जातो, पण ती माणसं भागाकारात धरलेली नसतात. मग दर फुगणारच!

शिवाय गुन्हे भागभर सारखे पसरलेले नसतात. गुन्हेगारीचे अभ्यासक लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे पोलिसांना आलेल्या निम्म्या फोनमागे शहरातले जेमतेम ३ टक्के पत्ते होते. म्हणून पूर्ण भागाऐवजी तुमची गल्ली आणि गुन्ह्याचा प्रकार बघा:
- घरफोडी: ताज्या घटना महत्त्वाच्या, कारण एक घर फोडलं गेलं की त्या घराला आणि शेजाऱ्यांना पुढचे काही आठवडे जास्त धोका असतो.
- गाडीचोरी: गाडी रस्त्यावर लावणार असाल तरच फार विचार करा.
- मारामाऱ्या: कुठे आणि किती वाजता होतात ते विचारा.

मात्र उलटही खरं आहे: आकडा कमी म्हणजे भाग सुरक्षित, असं नाही. छेडछाड, घरातली मारहाण, किरकोळ चोऱ्या यांची तक्रार बऱ्याचदा होतच नाही. त्यासाठी तिथे राहणाऱ्या दोन-चार जणांशी, विशेषतः बायकांशी बोला आणि रात्री एक चक्कर मारून या.