गाणे तयार आहे, श्रोते कुठे आहेत?

प्रश्न : आम्ही चार मित्र स्वतःची मराठी गाणी रचतो आणि गातो. तीन गाणी यूट्यूब आणि स्पॉटिफायवर आहेत, पण ऐकणारे बहुतेक नातेवाईकच. ‘रोज एक रील टाका’ असे सगळे सांगतात आणि एकाने पैसे घेऊन फॉलोअर वाढवून देण्याची तयारी दाखवली आहे. इंदुरात राहून मराठी गाण्यांना श्रोते मिळतील का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आधी त्या विकतच्या फॉलोअरांना स्पष्ट नकार द्या. असे फॉलोअर गाणे ऐकत नाहीत, त्यामुळे आकडा फुगतो आणि प्रतिसाद मात्र तेवढाच राहतो. कृत्रिमरीत्या वाढवलेली ऐकण्यांची संख्या स्पॉटिफाय हिशेबातून वगळते. शिवाय २०२४ पासून असे उघड प्रकार आढळल्यास गाणे पोहोचवणाऱ्या वितरण सेवेवर दंड आकारला जातो आणि काही सेवा तो कलाकाराकडून वसूल करतात.

रोज रील टाकण्याचा सल्लाही मला पटत नाही. चार जणांनी नोकरी-शिक्षण सांभाळून रोज काही तरी टाकायचे ठरवले, तर महिन्याभरात गाण्याचा रियाज मागे पडतो आणि रीलचा तगादा तेवढा उरतो. आठवड्यातून दोनच टाका, पण त्यात गाणे कसे घडले ते दाखवा. मुखड्याची एखादी ओळ आधी कोणत्या चालीत होती आणि ती का बदलली, हे दोन्ही चाली लागोपाठ गाऊन दाखवलेत, तर ऐकणारा नकळत तुमच्या बाजूने विचार करू लागतो, ‘पहिलीच बरी होती’ असे लिहितो आणि तिथून संवाद सुरू होतो. अशा प्रत्येक प्रतिक्रियेला नुसता हात जोडल्याचा इमोजी न टाकता दोन ओळींचे खरे उत्तर द्या. ‘अंतरा ऐकून आजीची आठवण आली’ असे लिहिणाऱ्या अनोळखी माणसाला आजी कुठल्या, असे विचारावे. तो पुढचे गाणे आपणहून चार जणांना पाठवील. सुरुवातीच्या काळात असे शंभर श्रोते कोणत्याही मोठ्या आकड्यापेक्षा मोलाचे असतात.

गाण्याचे शब्द पडद्यावर देवनागरीत अवश्य द्या. आपल्याकडे हा फायदा आयता मिळतो, कारण मराठी न बोलणारा इंदुरी श्रोताही ती लिपी वाचतो आणि निम्मे शब्द त्याला कळतात. इथल्या अनेक मराठी घरांत नातवंडे मराठी बोलतात, पण मराठी वाचनाची सवय त्यांना नसते. त्यांनाही गाण्यासोबत सरकणारी ओळ सोपी जाते. तुमच्या गाण्यात इंदूरचा राजवाडा किंवा सराफा बाजार सहजपणे येत असेल तर तो लपवू नका. पुण्या-मुंबईचा श्रोता मिळवण्यासाठी पुणेरी होण्याची गरज नाही. इंदुरी मराठीचा हिंदी-माळवी वळणाचा गोडवा हीच तुमची ओळख आहे.

श्रोत्यांशी असलेले नाते एकाच ॲपच्या भरवशावर ठेवू नका, हे मी कळकळीने सांगतो. २०२० च्या जूनमध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली तेव्हा असंख्य कलाकारांचा श्रोतृवर्ग एका रात्रीत हातचा गेला. म्हणून व्हॉट्सॲपवर एक ब्रॉडकास्ट यादी (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवण्याची सोय) करा, मात्र तो संदेश ज्यांच्या फोनमध्ये तुमचा क्रमांक साठवलेला आहे त्यांनाच पोहोचतो, हे लक्षात घेऊन लोकांना क्रमांक आधी साठवायला सांगा. गणेशोत्सवातील मंडळांचे कार्यक्रम, इंदूरच्या ‘सानंद’ या संस्थेच्या नाट्यप्रयोगांना नेमाने येणारा मराठी प्रेक्षक, महाराष्ट्र मंडळांचे मेळावे या ठिकाणी समोरासमोर गाऊन जोडलेला माणूस तुमच्या रीलही मनापासून बघतो. माझ्या मते तुमच्या कामाची खरी सुरुवात तिथून आहे.

पुढचे गाणे प्रकाशित करताना घाई करू नका. वितरण सेवेकडे ते काही आठवडे आधीच द्या, कारण स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी अप्रकाशित गाणेच सुचवता येते आणि तेही प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी. स्पॉटिफायच्या कलाकारांसाठीच्या पानावर कोणत्या शहरात किती जण ऐकतात ते दिसते. नागपूर किंवा बडोद्याचे श्रोते वाढताना दिसले, तर तिथल्या एखाद्या गायकासोबत इन्स्टाग्रामवर संयुक्त पोस्ट करा, म्हणजे ती दोघांच्याही फॉलोअरांपर्यंत जाते.

पैशांबाबत अपेक्षा बेताची ठेवा. स्पॉटिफायवर एखादे गाणे मागील बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकले गेल्याशिवाय त्याचे मानधन धरले जात नाही. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचे दर्शन लागते, किंवा तासांऐवजी ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज.

प्रश्न : मी तुकाराम महाराजांचा एक अभंग माझ्या आवाजात यूट्यूबवर टाकला आणि लगेच कॉपीराइटचा दावा आला. साडेतीनशे वर्षांहून जुन्या अभंगावर कोणाचा हक्क असू शकतो?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : अभंगाच्या शब्दांवर कोणाचाच हक्क नाही, पण आपण ज्या चालीत गायलात ती बहुधा एखाद्या संगीतकाराने विसाव्या शतकात बांधलेली असावी. भारतीय कायद्यानुसार संगीतरचनेवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रकाशनापासून ६० वर्षे राहतो.

घाबरण्याचे कारण मात्र नाही. असा स्वयंचलित दावा म्हणजे स्ट्राइक, म्हणजेच चॅनेलवर होणारी कॉपीराइटभंगाची कारवाई, नव्हे. व्हिडिओ बहुतेक वेळा तसाच राहतो, फक्त त्याच्या जाहिरातींचे उत्पन्न दावेदाराकडे जाते. चाल पारंपरिक किंवा आपली स्वतःची असेल तर दाव्याला हरकत घ्या. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. हरकत घेण्यापूर्वी साथीला वापरलेला तानपुऱ्याचा किंवा तबल्याचा तयार ट्रॅक कोणाचा आहे, तेही तपासा, कारण कधी कधी दावा त्याच्यावरच असतो. आणि चाल आपल्या गुरूंची असेल, तर त्यांची परवानगी लेखी घ्या व व्हिडिओच्या वर्णनात त्यांचे नाव पहिल्या ओळीत लिहा.