एक्झिक्युटिव्ह ऑर्डरला वटहुकूम म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की पेपरात आणि चॅनेलवर "ट्रम्प यांचा नवा वटहुकूम", "अध्यादेशावर सही" असं सर्रास येतं, तर अमेरिकेच्या अध्यक्षाच्या एक्झिक्युटिव्ह ऑर्डरला हे शब्द चालतात का, आणि नसतील चालत तर काय म्हणायचं.

माझ्या मते नाही चालत. वटहुकूम म्हटलं की मराठी वाचकाला वाटतं सही झाली म्हणजे कायदा झाला, आणि आपल्याकडे ते खरंच तसं असतं. घटनेच्या कलम १२३ प्रमाणे राष्ट्रपती आणि २१३ प्रमाणे राज्यपाल, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, अधिवेशन चालू नसताना वटहुकूम काढतात (अध्यादेश हे त्याचंच सरकारी नाव), आणि निघाला की त्याचं वजन कायद्याइतकंच. फक्त मुदत असते, सभागृह परत भरल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी नाही मिळाली तर तो संपतो. बिहारने यातून पळवाट काढली होती, संपला की तोच वटहुकूम पुन्हा काढायचा, काही तर अशाने दहा-दहा वर्षांच्या वर जिवंत ठेवले, आणि हे सगळं खणून काढून सुप्रीम कोर्टात नेलं ते आपल्या पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या डी. सी. वाधवा सरांनी. निकाल १९८६चा, जमलं तर वाचा.

अमेरिकेत अध्यक्षाला असला अधिकारच नाही, अधिवेशन चालू असो नाहीतर नसो. त्यांच्या घटनेचं पहिलंच कलम सांगतं की कायदे करायचे सगळे अधिकार काँग्रेसचे, म्हणजे त्यांच्या संसदेचे. एक्झिक्युटिव्ह ऑर्डर हे शब्द तर त्या घटनेत कुठे येतच नाहीत. अध्यक्ष हा कार्यकारी यंत्रणेचा प्रमुख, म्हणून तो आपल्या खात्यांना सांगतो की हे असं करा, आणि सांगताना साधारण सुरुवातीलाच लिहावं लागतं की घटनेने आणि अमुक कायद्याने मला दिलेल्या अधिकारात मी हा आदेश देतोय. तो आधार कच्चा निघाला की कोर्टात आदेश पडतो.

फरक बघायचा तर इंदिरा गांधींनी १९ जुलै १९६९ला १४ बँका ताब्यात घेतल्या त्या वटहुकुमाने, संसदेचं अधिवेशन दोन दिवसांवर आलेलं असताना (त्याच्या जागी आलेला कायदा पुढे सुप्रीम कोर्टाने रद्द केला, तर सरकारने काय केलं, दुसरा वटहुकूम काढला!). आणि अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमननी ८ एप्रिल १९५२ला, कोरियाचं युद्ध चालू, पोलाद कामगारांचा संप तोंडावर, म्हणून एक्झिक्युटिव्ह ऑर्डर काढून पोलाद कारखाने ताब्यात घ्यायला सांगितले. २ जूनला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ने ती रद्द केली, कारण काय तर काँग्रेसने असा अधिकार दिलेलाच नाही. दोन महिनेसुद्धा टिकली नाही.

मग आपल्याकडे याच्या जवळचं काय? मला विचाराल तर जीआर, म्हणजे शासन निर्णय. त्यालाही मूळ कायद्याच्या किंवा घटनेच्या चौकटीतच राहावं लागतं, आणि पुढचं सरकार तो फिरवू शकतं. गंमत म्हणजे आपण घरच्या बाबतीतही हाच घोळ घालतो. जानेवारी २०२४ला वाशीत मनोज जरांगेंच्या हातात जो सगेसोयऱ्यांचा कागद दिला त्याला टीव्हीवर दिवसभर अध्यादेश म्हणत होते, होता तो अधिसूचनेचा मसुदा.

पण जीआर म्हटलं म्हणून हे प्रकरण किरकोळ समजू नका. रूझवेल्टच्या १९४२च्या ९०६६ क्रमांकाच्या ऑर्डरवर जपानी वंशाचे लाखभर लोक छावण्यांत गेले, त्यातले बरेचसे अमेरिकेचेच नागरिक होते, आणि कोर्टाने तेव्हा ती ऑर्डर रद्द केली नाही. सैन्यातला वर्णभेद संपवायची ऑर्डर, ९९८१, ती १९४८ची, परत ट्रुमनचीच. सैन्य अध्यक्षाच्या हाताखाली म्हणून ते जमलं. उलट ओबामांनी २२ जानेवारी २००९ला, म्हणजे शपथ घेऊन दोनच दिवसांत, ग्वांटानामोचा तुरुंग (क्युबातल्या अमेरिकी तळावरचा, दहशतवादाच्या संशयितांसाठीचा) वर्षभरात बंद करायची ऑर्डर काढली, पण कैदी अमेरिकेत हलवायला पैसे खर्च करायचे नाहीत असं काँग्रेसने ठरवलं आणि तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे, त्यामुळे तो तुरुंग ओबामा गेले तरी चालूच राहिला.

आता शब्द. "कार्यकारी आदेश" बरोबर आहे, पण मराठीत कार्यकारी अध्यक्ष, कार्यकारी अभियंता वगैरेंमुळे तो जरा भलतीकडे नेतो, म्हणून मी "अध्यक्षीय आदेश" लिहितो. नुसतं "ट्रम्प यांचा आदेश" म्हटलं तरी बातमीत चालून जातं. "फर्मान" अग्रलेखात टोमणा मारायला ठीक, बातमीत नको. "हुकूमनामा" तर नकोच, तो दिवाणी कोर्टाचा शब्द आहे. आणि एच-वन-बी व्हिसाला एक लाख डॉलर फी लावणारा सप्टेंबर २०२५चा जो कागद होता, ज्याने न्यू जर्सीतल्या आणि पुण्यातल्या कित्येक घरांची झोप उडाली, ती एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नव्हतीच, ते प्रोक्लमेशन होतं. त्याला "उद्घोषणा" म्हणा. त्याचाही आधार काँग्रेसने १९५२ साली केलेला इमिग्रेशनचा कायदाच होता.