बायोचारच्या एफटीआयआरसाठी केबीआर गोळी, एटीआर की ड्रिफ्ट्स, कोणती पद्धत चांगली?

तुमचा चार (बायोचार, म्हणजे पालापाचोळा कमी हवेत तापवून केलेला कोळसा) ५०० अंश सेल्सिअसच्या वर बनवलेला असेल तर डायमंड एटीआरच्या (नमुना हिऱ्याच्या क्रिस्टलवर दाबून मोजायची पद्धत) नादी लागू नका. चिमूटभर पूड ठेवली, दाबली, मिनिटात एफटीआयआरचा आलेख (नमुना कोणता इन्फ्रारेड प्रकाश किती शोषतो तो) हातात, म्हणून ते सगळ्यांना आवडतं. पण असा काळाकुट्ट चार इन्फ्रारेड भरपूर शोषतो, त्याचा अपवर्तनांकही जास्त. डायमंडच्या २.४ ला तो झेपत नाही. बेसलाइन तिरकी होते, पीकं (आलेखातले उंचवटे) वेडीवाकडी येतात.

मी केबीआरवाला (पोटॅशियम ब्रोमाइड या क्षारात चार मिसळून गोळी दाबायची). पण कोल्हापुरातल्या जुलैत केबीआर करणं म्हणजे काय, ते सांगतो. उसाच्या पाचटाचा चार होता. बाहेर पावसाची झड, लॅबच्या भिंतींना ओल, आणि केबीआर हवेतलं पाणी ओढतंच. एका सीनियर सरांनी गोळी केली. ३४०० ला (हे आकडे तरंगसंख्येचे, सेमी⁻¹ मध्ये) रुंद पट्टा, १६३० ला ठसठशीत पीक. सरांनी लगेच लिहून टाकलं: हायड्रॉक्सिल (ओएच गट) आणि ॲरोमॅटिक (बेंझिनसारख्या कड्यांतला) कार्बन. मी म्हटलं, सर, आधी नुसत्या केबीआरची कोरी गोळी लावूया. लावली, तर दोन्ही पीकं तिच्यातही! पाणी होतं ते. मग केबीआर आणि चार १०५ अंशांना रात्रभर वाळवून पुन्हा गोळी केली. १६३० बसलं आणि १५९० च्या आसपासचं खरं ॲरोमॅटिक पीक मोकळं झालं. तरी सरांचं एकच, "पेपरात सगळे असंच लिहितात." गेला तोच जुना आलेख. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ॲरोमॅटिक म्हणायचं तर ७५० ते ८८० मधली पीकंही दाखवा की! (८७५ ला मात्र जपून. सोबत १४२० असेल तर ते कार्बोनेट असू शकतं.) पाचटात सिलिका भरपूर, म्हणून १०९० दिसलं की लगेच सेल्युलोज लिहू नका, सिलिकाची ८०० आणि ४६० सुद्धा बघा.

ड्रिफ्ट्समध्ये (पुडीवरून विखुरलेला इन्फ्रारेड मोजायची पद्धत) गोळी दाबायची कटकट नाही, पण पूड केबीआरमध्येच मिसळता, म्हणजे ओल तीच, वर कणांच्या आकाराची भानगड. एटीआरला जर्मेनियमचा क्रिस्टल मिळाला तर माझं पहिलं वाक्य मागे घेतो. त्याचा अपवर्तनांक ४ आहे. आणि ३००-३५० अंशांचा तपकिरी चार डायमंडवरही बरा येतो. फक्त एका पद्धतीतल्या पीकची उंची दुसरीतल्या पीकशी ताडू नका.

गोळीत २०० मिलिग्रॅम केबीआरला १ मिलिग्रॅम चार पुरे, फार काळा असेल तर आणखी कमी. आणि गाइड नको म्हणाले तरी कोरी गोळी लावा, तिचा आलेख प्रबंधात जोडा.