सुझोऊला बदली झाली आहे. चिनी लोकांत मिसळता येतं का?

तुम्ही विचारलंय की मिस्टरांची पुण्याच्या कंपनीतून सुझोऊच्या कारखान्यात तीन वर्षांसाठी बदली होतेय, घरात सगळे शाकाहारी, चिनी भाषेचा गंध नाही, मुलगी सहा वर्षांची. अशा कुटुंबाला तिथल्या समाजात मिसळता येतं, की आपल्याच कोंडाळ्यात दिवस काढावे लागतात? आम्हीही असेच कंपनीच्या बदलीवर सुझोऊला गेलो आणि काही वर्षं राहिलो. मिसळता नक्की येतं. पण ते ऑफिसातून होत नाही, जिन्यात आणि मंडईत होतं. त्यामुळे घर कुठे घेता यावर निम्मी गोष्ट ठरते.

एजंट तुम्हाला बहुधा इंडस्ट्रियल पार्कमध्ये जिंजी तळ्याकाठचे टॉवर दाखवेल. हा भाग 1994 पासून सिंगापूरच्या भागीदारीत वसवला गेला. रस्ते रुंद, झाडी भरपूर, शांघाय वेगवान रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासावर. सोयीला नाव ठेवायला जागा नाही. पण परदेशी कुटुंबांच्या टॉवरमध्ये शेजारी लिफ्टमध्ये मान हलवतात आणि आपापल्या दारात शिरतात. माझा आग्रह असा, की त्याच भागातली थोडी जुनी सोसायटी बघा, जिथे आजी-आजोबा नातवंडं सांभाळतात. तिथे बहुतेक घरांत आई-बाप दोघंही कामाला जातात, त्यामुळे संध्याकाळचं आवार म्हाताऱ्यांचं आणि पोरांचं असतं. एका कोपऱ्यात स्पीकर लावून बायकांचा नाच चाललेला असतो. लहान मूल सोबत असलेल्या बाईला तिथे कुणी फार वेळ परकी राहू देत नाही.

भाडं घेताना एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ, ही तिथली सर्रास पद्धत आहे. तेवढे पैसे हाताशी ठेवा.

पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगते. सरकारी केंद्रीय हीटिंग हुआय नदीच्या उत्तरेला आहे. सुझोऊ दक्षिणेला, म्हणून घरातही ओली, हाडात शिरणारी थंडी असते. आमच्या जिन्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी एकदा मुलीला थांबवलं, मागून तिच्या कॉलरमध्ये हात घालून मान गरम आहे का ते पाहिलं, बनियन ओढून पँटमध्ये खोचला आणि मला सुझोऊच्या बोलीत चांगलं झापलं. शब्द एकही कळला नाही, पण मुद्दा पुरता कळला. दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला त्यांच्या नातवाची आखूड झालेली कापसाची बंडी लटकत होती. तेव्हापासून मुलगी त्यांना 'नायनाय', म्हणजे आजी, म्हणायला लागली. ड्रॅगन बोटीच्या सणाला तिकडे पानात बांधून उकडलेले चिकट भाताचे चोंगत्स करतात, आणि सुझोऊकडे त्यात डुकराचं मांस घालतात. आम्ही खात नाही हे कळल्यावर आजींनी पुढच्या सणाला आमच्यासाठी लाल चवळीसारख्या गोड डाळीचे केले आणि ओळखू यावेत म्हणून त्यांना वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. मी त्यांच्याच डब्यात नारळाच्या वड्या घालून दिल्या. रिकामा डबा परत करायचा नाही, एवढं आपल्याला घरी शिकवलेलंच असतं. तिथले संबंध असेच छोट्या देण्याघेण्यावर चालतात. कुणी काही आणून दिलं तर लगेच फेडून मोकळं होऊ नका. थोडे दिवस जाऊ द्या, म्हणजे येणंजाणं सुरू राहतं.

आणि हो, पगार किती, भाडं किती, दुसरं मूल कधी, हे सगळं पहिल्या-दुसऱ्या भेटीत विचारतील. ती चौकशी आपुलकीची असते, मनाला लावून घेऊ नका.

भाषा मात्र जाण्याआधीच सुरू करा. मोबाइलवरचं भाषांतर दुकानात चालतं, आजींशी गप्पा मारायला नाही. मराठी माणसाचा इथे एक मोठा फायदा आहे. चिनी शब्द रोमन लिपीत लिहिताना जिथे बी लिहितात तिथे उच्चार आपल्या 'प'च्या जवळचा असतो आणि पी लिहितात तिथे 'फ'च्या. तसंच डी म्हणजे 'त', टी म्हणजे 'थ'. हा अल्पप्राण-महाप्राण फरक युरोपातल्या लोकांना रडवतो, आपल्या कानाला तो जन्मजात आहे. 'चमचा'मधला दंत्य च आहे ना, तोही चिनीत लागतो. राहिले चार सूर, म्हणजे शब्द कोणत्या चढउतारात म्हणायचा ते. ते शिक्षकासमोर बसून मोठ्याने घोकावेच लागतात. लिपीच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका, बोलणं आधी.

सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस तिकडे का टिकले, याचं उत्तरही मला भाषेतच दिसतं. 1938 मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. ते चिनी शिकले, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, 1941 मध्ये क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, तिथेच गेले. चीनमध्ये त्यांना 'ख तीहुआ' म्हणतात. वयस्कर माणसांशी बोलताना आम्ही त्यांच्याच महाराष्ट्रातून आलोय असं सांगून बघा. मी हे नाव घेतल्यावर चेहरे उजळलेले पाहिलेत, आणि मला फार अभिमान वाटायचा.

खाण्याची काळजी तुम्ही करताय तेवढी करू नका, पण सावध राहा. मंडईत दोडका, कारली, कोथिंबीर, उन्हाळ्यात चक्क लाल माठ मिळतो. भाजीवाली वर मूठभर कांद्याची पात फुकट टाकते, जशी आपल्याकडची कढीपत्ता टाकते. मूग मिळतात, तूरडाळ आणि हिंग घरून न्या. अडचण हॉटेलात येते. पालेभाजी दिसते शाकाहारी, पण त्यात डुकराची चरबी, कालवांचा सॉस किंवा चिकन पावडर असू शकते. 'वो छ् सू', म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढं पाठ करा आणि या तिन्ही गोष्टी नकोत असं चिनीत लिहून मोबाइलमध्ये ठेवा. बौद्ध देवळांच्या आसपासची शाकाहारी खानावळ सगळ्यात निर्धास्त. तिथे बहुतेक ठिकाणी कांदा-लसूणही नसतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: घरात राहायला गेल्यापासून 24 तासांत पोलीस चौकीत नोंद करावी लागते, वर्क व्हिसावर गेलेल्याला 30 दिवसांत निवासी परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. लग्नाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला प्रमाणित करून घ्या, ते काम वेळखाऊ आहे. फोनचा घोळ वेगळाच. तिकडे व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही आणि भारतात 2020 पासून वीचॅट या चिनी मेसेज अ‍ॅपवर बंदी आहे. म्हणजे सासूबाईंशी बोलायचं कशावर, हे निघायच्या आधी ठरवा. भारतीय सिम रोमिंगवर ठेवलंत तर त्याच्या डेटावर व्हॉट्सअ‍ॅप चालतं. तिथले सगळे व्यवहार मात्र वीचॅट आणि अलीपे या पैसे देण्याच्या अ‍ॅपवर. सोसायटीचा ग्रुपही वीचॅटवरच असतो, त्यात आवर्जून सामील व्हा.

मुलीची शाळा कंपनी देत असेल तर इंटरनॅशनल घ्या. सरकारी शाळेत पहिलीपासून लिपीचा आणि गृहपाठाचा भार जबरदस्त असतो आणि तीन वर्षांनी तिला परत मराठी-इंग्रजीत यायचंय. चिनी ती आवारातल्या पोरांकडून तुमच्याआधी शिकेल.

सीमावाद आणि राजकारण हे विषय कुणी काढले तर हसून सोडून द्या. जवळच्या माणसांशीसुद्धा. आणि कितीही जवळीक झाली तरी रस्त्यावर अनोळखी लोक 'लाओवाय', परदेशी, म्हणणारच. त्याचा मला शेवटपर्यंत थोडा त्रास व्हायचा.

वसंतोत्सवात, म्हणजे चिनी नववर्षाला, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत, कामगार आपापल्या गावी जातात आणि ओळखीची छोटी दुकानं बंद होतात. पहिल्या वर्षी आठवड्याचा किराणा भरून ठेवा. कुणी गावी जेवायला बोलावलं तर नक्की जा. फळांच्या दोन पेट्या न्या, एक नको, आणि घरातल्या प्रत्येक मुलासाठी लाल पाकिटात कोऱ्या नोटा.