वाचकांचे प्रश्न : वेगळी कंट्रोल रूम नसताना भजनाचं रेकॉर्डिंग

प्रश्न : आमचं खंजिरी भजन मंडळ आहे. बारा बाय पंधरा फुटांच्या एकाच खोलीत सगळे बसतात आणि लॅपटॉपही तिथेच असतो. दोन इनपुटचा इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) आणि दोन कार्डिऑइड (समोरचाच आवाज जास्त टिपणारे) कंडेन्सर माइक आहेत. रेकॉर्ड करताना हेडफोनमध्ये डग्गा भरदार लागतो, पण नंतर ऐकलं तर तो पोकळ वाटतो आणि खंजिरी कानाला टोचते. असं का होतं?
— एक वाचक, ता. तिवसा, जि. अमरावती

उत्तर : बंद कपाचे हेडफोन वरच्या पट्टीतला आवाज बऱ्यापैकी अडवतात, खर्ज मात्र फारसा अडवत नाहीत. डग्ग्याचा घुमारा खोलीतून थेट तुमच्या कानापर्यंत येतो आणि तो माइकनेच टिपला असं वाटतं. म्हणून वाजत असताना कानाला काय लागतं, त्यावरून माइकची जागा ठरवू नका. भजनातला सगळ्यात जोराचा भाग अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, सगळ्यांना शांत बसवा आणि मग ऐका. माइक वीतभर हलवा आणि पुन्हा तेच करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि ऐकताना हेडफोनचा आवाज दरवेळी तेवढाच ठेवा. याला तासभर जातो, पण स्टुडिओत काचेपलीकडे बसून ऐकायच्या खोलीचं, म्हणजे कंट्रोल रूमचं, काम हा तासच करतो. त्यात घाई नको. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये २४ बिट निवडून रेकॉर्ड करा आणि सगळ्यात मोठी थाप मीटरवर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका (शून्याला आवाज फाटतो).

एकाच खोलीत खंजिरी गायकाच्या माइकमध्ये शिरणारच. नंतर गायकाचा आवाज वाढवला की तीही वाढते, त्यामुळे तोल बसण्याच्या जागांवरूनच साधावा लागतो. कार्डिऑइड माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. माइकचं तोंड गायकाकडे, त्याची पाठ खंजिरीवाल्यांकडे आणि मधे सहा-सात फूट अंतर, अशी बैठक करा. म्हणजे गायक आणि खंजिरीवाले समोरासमोर येतात, आणि ठेक्यासाठी एकमेकांकडे पाहता येतं हा फायदा वेगळाच. गायक माइकपासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर हार्मोनियम-तबल्याचा दुसरा माइक पहिल्यापासून निदान ९० सेंटिमीटर दूर हवा. नाहीतर तोच आवाज दोन्हींत किंचित पुढेमागे पोचतो आणि एकत्र केल्यावर पोकळ होतो. तुमच्या डग्ग्याच्या तक्रारीत याचाही वाटा असू शकतो. एकेक माइक बंद करून ऐका, लगेच कळेल.

घरातल्या कापसाच्या जाड गाद्या गायकाच्या पाठीमागे उभ्या करा, कारण माइकचं तोंड त्या भिंतीकडे आहे. गादी आणि भिंत यांत वीतभर जागा सोडा. नुसती चादर टांगली तर वरचाच आवाज दबतो आणि खोली कोंदट वाटते.

प्रश्न : पत्र्याची खोली आहे. पंखा बंद केला तर बसवत नाही आणि इन्व्हर्टरवर गुणगुण येते.
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : उन्हाळ्यात पहाटेच बसा. ऊन चढू लागलं की पत्रा प्रसरण पावून कडकडतो, आणि सांजेला थंड होतानाही तेच. पंखा दोन भजनांच्या मधे चालवा. त्याचा वारा माइकवर आला तर घरघर उमटते आणि ती नंतर नीट काढता येत नाही.

गुणगुणीसाठी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. आवाज गेला तर दोष चार्जरच्या वाटेनेच येत होता. स्क्वेअर वेव्ह, म्हणजे खडबडीत वीज देणाऱ्या साध्या इन्व्हर्टरवर हे जास्त होतं. इंटरफेस यूएसबीवरच चालणारा असेल तर त्याला वेगळी वीज लागत नाही. लॅपटॉपचा पंखा ऐकू येत असेल तर माइकची एक्सएलआर केबल (माइकपासून इंटरफेसपर्यंतची तीन पिनांची) लांब घ्या, दहा-पंधरा मीटरला काही होत नाही. यूएसबी केबल मात्र पाच मीटरच्या आतच ठेवा.

प्रश्न : गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो.
— एक वाचक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : आवाज लॅपटॉपमधून फिरून येतो म्हणून उशीर होतो. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज थेट हेडफोनला देणारं बटण) सुरू करा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग, म्हणजे लॅपटॉपमार्फत ऐकणं, बंद करा. दोन्ही सुरू राहिले तर आवाज दुहेरी येतो.