वाटणी कशाची करायची?

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. अमरावतीच्या अभ्यासिकेत बसून तू जे दोन प्रश्न लिहून पाठवलेस, ते मी सावकाश, पुन्हा पुन्हा वाचले. ज्याने कष्टाने मिळवले त्याच्याकडून घेऊन दुसऱ्याला देणे हा न्याय कसा, हा तुझा पहिला प्रश्न. द्यायचेच असेल तर कसे द्यावे, म्हणजे घेणारा लाचार होणार नाही, हा दुसरा. मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या निरनिराळ्या साझ्यांवर, म्हणजे एका तलाठ्याकडे असणाऱ्या गावांच्या गटांवर, मी तेहेतीस वर्षे तलाठी होतो आणि जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर कशी जाते, हे माझ्या हाताने फेरफाराच्या वहीत लिहीत आलो. तेवढ्याच आधारावर तुला उत्तर देतो आहे.

तुझ्या पहिल्या प्रश्नात एक गोष्ट तू गृहीत धरली आहेस, ती म्हणजे आज ज्याच्याकडे जे आहे ते त्याने कष्टानेच मिळवलेले आहे. कष्टाचे मोल मी कमी करणार नाही, कारण आपल्याकडे कष्टाशिवाय कोणाच्याही वावरात बोंड धरत नाही. पण तुझ्या गावाच्या शिवारात उभी राहून पाहा. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, एका बाजूला काळी, ओलिताची जमीन असते आणि दुसऱ्या बाजूला बरड. दोन्हीकडचे कास्तकार पहाटे एकाच वेळी उठतात, एकाच दुकानातून बियाणे आणतात आणि दोघांचा कापूस एकाच बाजारात एकाच भावाने विकला जातो. वर्षाअखेरीस एकाच्या घरी दुचाकी येते आणि दुसऱ्याच्या घरी पीककर्ज देणाऱ्या सोसायटीची नोटीस येते. या फरकात कष्टाचा भाग किती आणि धुऱ्याचा किती, हे तूच ठरव.

आणि धुरा पडला कसा, तेही पाहा. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणून कास्तकाराचे नाव थेट सरकारी दप्तरात लागले. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागांत मात्र इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करून भरणाऱ्यांना, गावाचे मालकी हक्कच देऊन टाकले. नांगर ज्याचा होता तो कूळ झाला आणि वही ज्याच्या हातात होती तो धनी झाला. पुढे ३१ मार्च १९५१ रोजी, आपण मध्य प्रदेशात असताना, कायद्यानेच ती मालगुजारी संपवली. म्हणजे सरकारने वाटणीत हात घालावा की नाही, हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. हात आधीच घातलेला आहे. तो कोणाच्या बाजूने पडला आणि चुकीचा पडला असेल तर दुरुस्ती कशी करायची, एवढाच प्रश्न खरोखर शिल्लक आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता असा विसंगतीचा संसार आपण सुरू करतो आहोत, आणि ही विसंगती लवकर मिटवली नाही तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीचा डोलारा उधळून लावतील. पॅरिसच्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये असा अंदाज मांडला की २०२२-२३ साली देशाच्या संपत्तीतला सुमारे ४० टक्के हिस्सा वरच्या एका टक्क्याकडे होता. हा अंदाज काहीसा चुकीचा असला, तरी बाबासाहेबांचा इशारा जुना झाला आहे असे म्हणण्याची हिंमत मला होत नाही.

याचा अर्थ हवे तितके काढून घ्यावे, असा मात्र नाही. १९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला होता. शंभरातले अडीच रुपयेसुद्धा हातात उरणार नसतील तर माणूस एकतर कमावणे सोडतो किंवा लपवणे शिकतो, आणि ज्याला लपवता येत नाही अशा पगारदारावरच भार पडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानेही ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने सांगितले की साधनसंपत्तीच्या वाटपाबद्दलच्या संविधानातल्या अनुच्छेद ३९(ब) मधल्या ‘समाजाच्या भौतिक साधनसंपत्ती’त प्रत्येकाची प्रत्येक खाजगी मालमत्ता येत नाही. ही मर्यादा मला मान्य आहे. पण १९५३ साली लागलेला मृत्यूपश्चात संपत्तीवरचा कर १९८५ साली काढला आणि १९५७ पासूनचा संपत्ती कर २०१५ साली बंद केला, हे मला पटलेले नाही. जी अफाट मालमत्ता केवळ जन्माने मिळते, तिच्यातला काही भाग समाजाकडे परत यावा, हे कष्टाच्या न्यायालाच धरून आहे. जो कष्टाची बाजू मनापासून घेतो, त्याने वारशाविषयी गप्प बसू नये.

आता दुसरा प्रश्न. यावर मला जास्त लिहायचे आहे, कारण वाटणी बिघडते कुठे ते मी जवळून पाहिले आहे.

१९६१ चा शेतजमिनीचा कमाल धारणा कायदा तुझ्या अभ्यासात असेलच. १९७५ पासून त्याची मर्यादा खाली आली आणि बारमाही पाण्याची १८ एकर किंवा कोरडवाहू ५४ एकर एवढीच जमीन एका कुटुंबाला ठेवता येऊ लागली. कायदा चांगला होता. पण मर्यादेवरची कोणती जमीन सरकारला सोडायची हे ठरवताना धारकाच्या पसंतीला जागा होती, आणि आपली काळी कसदार जमीन कोणी आपखुशीने पुढे करत नाही. माझ्या एका साझ्यातल्या एका भूमिहीन माणसाला अशाच अतिरिक्त जमिनीतले चार एकर मिळाले होते. टेकडीच्या उताराची, पावलागणिक दगड असलेली ती जमीन होती. पट्टा त्याने खताच्या पिशवीच्या आतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून घराच्या आढ्याला बांधून ठेवला होता. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असा शेरा होता, त्यामुळे परवानगीशिवाय ती विकता येत नव्हती आणि बँकही तिच्यावर कर्ज द्यायला का-कू करत होती. बैलजोडी नव्हती, बियाण्याला पैसा नव्हता, आणि उतारावरची माती पहिल्याच पावसात खाली जात होती. तीन हंगामांनंतर तो माझ्याकडे सातबाऱ्याचा उतारा घ्यायला आला, तेव्हा मी विचारले की यंदा काय पेरले. तो म्हणाला, ‘‘कागद माह्या, साहेब. वावर त्यायचंच हाये.’’ ज्यांच्याकडून ती जमीन निघाली होती, त्यांनाच त्याने ती मक्त्याने दिली होती आणि त्याच वावरात तो रोजीने जात होता.

त्या दिवशी मला जे कळले ते पुढे कधी बदलावे लागले नाही. हक्क दिला आणि तो टिकवण्याची सोय दिली नाही, तर हक्क मूळच्या धन्याकडे परत चालत जातो. भूदानाचेही काहीसे असेच झाले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत पहिले १०० एकर मिळाले आणि पवनारच्या आश्रमातून निघालेले विनोबा वर्षानुवर्षे पायी फिरत राहिले. देशभरात ४० लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली. माणसाच्या मनातले स्वामित्व हलवण्याचा एवढा मोठा प्रयत्न दुसरा कोणी केला नाही आणि विनोबांविषयी माझा आदर तसूभरही कमी होत नाही. पण त्यातली बरीच जमीन कसण्यालायक नव्हती आणि बरीच कधी वाटलीच गेली नाही. आपल्या पूर्वेकडच्या माजी मालगुजारी तलावांची कथा याच जातीची आहे. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढायचा कोणी, पाळ बांधायची कोणी, हे अधांतरी राहून अनेक तलाव उथळ झाले. मालगुजाराच्या हातून निघालेली वस्तू सरकारच्या हातात गेली म्हणजे ती लोकांची झाली, असे समजू नकोस.

दुसरी गोष्ट रेषेची. मदत द्यायची म्हटले की कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, अशी रेषा ओढावी लागते आणि अन्याय बहुतेक वेळा त्या रेषेवर बसलेला असतो. २००८ च्या कर्जमाफीत २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याचे थकीत कर्ज पूर्ण माफ झाले आणि त्याहून अधिक जमीन असलेल्याला बाकीची रक्कम भरली तरच सवलत होती. जिथे पाणी आहे तिथे पाच एकरांवर संसार चालतो. आपल्या कोरडवाहू भागात आठ एकरवालाही उपाशी राहू शकतो, पण कागदावर तो मोठा शेतकरी ठरला. सोसायटीच्या भिंतीवर यादी लागली तेव्हा पाच एकर बारा गुंठ्यांचा एक कास्तकार त्या यादीवरून बोट फिरवत खालपर्यंत गेला आणि पुन्हा वरपासून वाचू लागला, ते मी पाहिले आहे. पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपयेसुद्धा सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच मिळतात. दुसऱ्याचे वावर मक्त्याने करणारा आणि दिवसभर किलोवर कापूस वेचणारी बाई, या दोघांचा त्या यादीशी काही संबंध नाही.

म्हणूनच रोजगार हमीला मी फार मानतो. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना लावून धरली, १९७२ च्या दुष्काळात ती कसाला लागली, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. मुंबईच्या कचेरीतला पैसा आपल्या पांदण रस्त्यावर मजुरी होऊन पोचला आणि त्यासाठी कोणाला गरिबीचा दाखला मागावा लागला नाही. ज्याला गरज असेल तो टोपले-फावडे घेऊन येणार, ज्याला नसेल तो उन्हात दगड फोडायला येणारच नाही. रेषा आपोआप पडत होती. हजेरीपत्रकावर खोटी नावे चढली, मजुरी महिनोन्‌महिने रखडली, हेही मी पाहिले आणि त्याचा संताप अजून आहे. पण मजूर ‘काम द्या’ म्हणत होता, ‘दान द्या’ म्हणत नव्हता, आणि कायदा त्याच्या बाजूने होता. या एका फरकाने त्याची मान ताठ राहत होती.

जमले तर गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला एकदा जाऊन ये. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या छोट्या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर नेण्याचा परवाना वन खात्याच्याच हातात होता, म्हणजे हक्क गावाचा आणि किल्ली दुसऱ्याची. एप्रिल २०११ मध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात आले, तेव्हा कुठे तो हक्क खरा झाला. बांबू किती तोडायचा, कोणत्या भावाने विकायचा, पैसा कशाला लावायचा, हे गाव सर्वसहमतीने ठरवते. वाटणीत ठरवण्याचा अधिकारही वाटला गेला तर काय होते, ते तिथे दिसेल.

तू लाडकी बहीण योजनेविषयीही विचारले आहेस. जुलै २०२४ पासूनचे महिन्याला १,५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले, त्याला मी खैरात म्हणणार नाही. निंदणाला जाणाऱ्या बाईला औषधासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. पण देणाऱ्याच्या मर्जीवर असलेला पैसा मर्जी फिरली की थांबतो. बहिणीचा जो वाटा कोणाच्या मर्जीवर नाही, त्याबद्दल आता सांगतो, आणि हे लिहिणे मला सोपे नाही.

माझे वडील १९९८ साली गेले. बहीण दिवाळीला माहेरी आली असताना मी तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले आणि तिने न वाचता सही केली. मुलीच्या हक्काचा १९९४ चा महाराष्ट्राचा कायदा मला पाठ होता, आणि मुलीला वडिलांच्या हिश्शात त्याआधीपासून वारसा होता, हेही मला माहीत होते. तरीसुद्धा ‘स्वखुशीने हक्क सोडला’ हे वाक्य इतर शेकडो बहिणींबद्दल लिहिले, तसेच माझ्या घरातही होऊ दिले. २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली, पुढे बहीण विधवा झाली, आणि मी गप्पच होतो. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा सहदायकी हक्क, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच वाटा, जन्मानेच असतो असे स्पष्ट केल्याची बातमी वाचली, तेव्हा निवृत्त होऊन मला चार वर्षे झाली होती. त्या हिवाळ्यात मी अकरा एकरांतले तीन एकर, विहिरीच्या पाण्याच्या पाळीसह, तिच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्राने केले. बक्षीसपत्र हा शब्द खोटा आहे. ते तिचेच होते.

मोजणीच्या दिवशी ती धुऱ्याधुऱ्याने चालत गेली आणि रोवलेल्या प्रत्येक दगडाला हात लावून पुढे सरकली. कोपऱ्यावर थांबून तिने विचारले, ‘‘दादा, ही बोर कोणाच्या हिश्शात आली?’’ मी म्हटले, तुझ्या. यंदा तिने कपाशीत तूर घेतली आहे आणि पीककर्ज स्वतःच्या नावावर उचलले आहे.

आता तुला एक काम सांगतो. सातबारा संगणकावर पाहता येतो, तेव्हा आधी तुझ्या घरचा काढ आणि त्यावर तुझ्या आईचे नाव आहे का ते पाहा. मग सुट्टीत गावी आलीस की तलाठी कार्यालयात जाऊन तुझ्या आजोबांनंतरचा वारसाचा फेरफार वाच. आत्यांची नावे कोणत्या तारखेला कमी झाली आणि तिथे कोणते वाक्य लिहिले आहे, ते मला जसेच्या तसे उतरवून पाठव. अक्षर लागले नाही तर प्रत घेऊन माझ्याकडे ये. जुनी मोडी वळणाची अक्षरे मला अजून वाचता येतात.

तुझा,
काका