दिलगिरी नेमकी कशाबद्दल?

ताई,
पुण्यातील एका वित्तसंस्थेच्या गृहकर्ज विभागात मी नऊ वर्षे नोकरी करते आहे. गेल्या जूनपासून 26 आठवडे प्रसूती रजेवर होते. डिसेंबरच्या आरंभी पुन्हा रुजू झाले. एप्रिल ते मार्च या वर्षाचे उद्दिष्ट 120 प्रकरणांचे होते, माझी 66 झाली. दरवर्षी पाचपैकी चार गुण मिळत, यंदा दोनच मिळाले आणि बढती हुकली. आमच्या मॅडम म्हणाल्या, "आम्ही तर तीन महिन्यांत हजर व्हायचो." खरे तर स्वयंमूल्यमापनाच्या अर्जात रजेमुळे काम कमी झाल्याबद्दल मी दिलगिरीही व्यक्त केली होती. वरिष्ठांचे मन पुन्हा कसे जिंकावे?

उत्तर :
मन जिंकण्याचे तूर्त राहू द्या. दिलगिरीचे ते वाक्य तुम्ही ओझरते लिहून गेलात, मी मात्र तिथेच अडले. एप्रिल, मे आणि डिसेंबर ते मार्च असे सहा महिने तुम्ही कामावर होतात. त्यांच्या वाट्याला 60 प्रकरणे येतात आणि तुम्ही 66 पूर्ण केलीत, म्हणजे 110 टक्के. अर्जदाराच्या पगारपत्रकातला एका महिन्याचा खंडही जिच्या नजरेतून सुटत नसेल, त्या बाईने स्वतःच्या कामाला मात्र मुकाट्याने बाराने भागू द्यावे, याचा मला राग येतो. दोन गुण देणे हा अन्यायच आहे, पण त्यासाठी लागणारा कबुलीजबाब तुम्ही आयता लिहून दिलात.

मॅडम तीन महिन्यांत परतत, कारण तेव्हा कायद्याने 12 आठवडेच मिळत. 2017 च्या दुरुस्तीने ते 26 झाले. यात त्यांचा पराक्रम नाही आणि तुमचा आळसही नाही.

येत्या सोमवारी मनुष्यबळ विभागाला ईमेल करा आणि त्याची प्रत मॅडमना पाठवा. पहिल्याच वाक्यात अर्जातील दिलगिरी मागे घेत असल्याचे कळवा, त्याखाली वरचे गणित मांडा, आणि प्रत्यक्ष कामाच्या महिन्यांवर मूल्यमापन नव्याने करून बढतीचा फेरविचार व्हावा व उत्तर लेखी मिळावे, अशी मागणी करा. बाळाची जागरणे, सासूबाईंची मदत, यांतले काहीही त्यात येता कामा नये. तुमच्या मूळ पत्रात "कृपया समजून घ्यावे" हे शब्द चार वेळा होते. छापताना आम्ही ते गाळले. ईमेल पाठवण्यापूर्वी तुम्हीही तेवढे पाहून घ्या.